पाचवी खुर्ची

त्या फोटो स्टुडिओत दोन माणसं काम करत, पण गिऱ्हाइकांना त्यांतलं एकच ठाऊक होतं. पुढे काउंटरवर मालक असत. फोटो तेच काढत, पावती तेच लिहीत आणि "हनुवटी जरा खाली, हं, आता हसा," हेही तेच म्हणत. दुसरं माणूस मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी बसे. गिऱ्हाइकाने चेहऱ्यावरच्या मुरमांची काळजी बोलून दाखवली की मालक सांगत, "ते आतल्या बाई काढतील." लोकांना वाटे, आतल्या बाई म्हणजे मालकांची बायको. मालकांचं लग्न झालेलं नव्हतं, पण एवढ्या खोलात कोण जातो? आतल्या बाई हे नाव पडलं ते पडलंच. घरी भावाची मुलंसुद्धा त्यांना चेष्टेने 'आतली आत्या' म्हणत.

बाईंना कोड होतं. बाराव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग उठला आणि विसाव्या वर्षापर्यंत अर्धा चेहरा, मान आणि दोन्ही हातांचे पंजे त्याने व्यापले. दुखत नाही, खाजत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक बाकावर बाईंच्या शेजारी उभं राहून ते सांगायला डॉक्टर काही बरोबर येणार नव्हते.

त्या स्टुडिओत पहिल्यांदा आल्या त्या अर्जावर चिकटवायचा फोटो काढायला. वय बावीस. एका कचेरीत कारकुनाची जागा होती. तेव्हा आताच्या मालकांचे वडील, थोरले मालक, काम बघत. त्यांनी न विचारता, चांगल्या मनाने, प्लेटवरचे सगळे डाग काढून टाकले. बाईंना मुलाखतीला बोलावणं आलं. दारातल्या माणसाने एकदा फोटोकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. "फोटोतली बाई तुम्ही नाही," असं म्हणून त्याने त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. बाई तडक स्टुडिओत गेल्या आणि थोरल्या मालकांवर इतक्या कडाडल्या, की बाहेरची माणसं दारात जमली.

थोरल्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझी. पण तुझी नजर तीक्ष्ण आहे. मी काय काय बदललं ते तू बरोबर सांगितलंस. हे काम शिकशील?"

अशा रीतीने भांडायला आलेली मुलगी नोकरी घेऊन घरी गेली.

काचेच्या प्लेटवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. पेन्सिलचं टोक सुईसारखं करून प्लेटवर हलके ठिपके दिले की फोटोत ती जागा उजळ येते. बारीक पात्याने खरवडलं की फोटोत ती जागा गडद येते. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. थोरल्या मालकांनी शिकवणीसाठी बाईंच्याच चेहऱ्याच्या तीन प्लेटा काढल्या आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडावर पातं चालवण्याआधी स्वतःच्या तोंडावर चालवून बघ." पहिल्या दोन प्लेटा बिघडल्या. तिसरीवर चेहरा अगदी साफ झाला. तो फोटो आईने चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. येणारे जाणारे विचारत, "ही कोण?" आई म्हणे, "माझी मुलगी." आणि बाई तेव्हा आतल्या खोलीत बसलेल्या असत.

थोरले मालक सात वर्षांनी गेले आणि मुलगा काउंटरवर आला. तो वाईट नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बाईंना बघून मुलाला उचलून बाहेर निघून गेलं. दुसऱ्या दिवशी नवे मालक प्लेटांकडे बघत म्हणाले, "बाई, मागच्या गल्लीतून यायला तुम्हाला जवळ पडेल, नाही?" जवळ पडत नव्हतं. एकशे चाळीस पावलं लांब पडत होतं. बाईंनी मोजली होती. तरी त्या "हो" म्हणाल्या आणि एकोणीस वर्षं मागच्या दाराने येत राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना ते बरंच वाटे. साऱ्या गावाचे चेहरे त्या बघत आणि त्यांचा चेहरा कोणी बघत नसे. असं ठिकाण त्यांना दुसरं माहीत नव्हतं.

तर अशा या आतल्या बाईंच्या टेबलावर एका बुधवारी इस्पितळाचा ग्रुप फोटो आला.

हा वार्षिक ग्रुप ठरलेला असे. पुढे सात खुर्च्या. चौथीवर ट्रस्टचे अध्यक्ष, बाकीच्यांवर डॉक्टर, मेट्रन आणि व्यवस्थापक. मागे परिचारिका उभ्या. पुढे सतरंजीवर शिकाऊ मुली. झाडणारे, पुसणारे, स्ट्रेचर ओढणारे फोटोत नसत. खुर्च्या बाहेर आणायच्या, भिंतीशी उभं राहायचं आणि फोटो झाला की खुर्च्या आत न्यायच्या, एवढाच त्यांचा भाग.

बुधवारी सव्वाअकराला इस्पितळाचे व्यवस्थापक फोटोचा पहिला प्रिंट बघायला आले. मध्ये फक्त एक पडदा. बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"ही कोण?" व्यवस्थापकांचा आवाज चढला.

"तुमच्याच इथली दिसते, साहेब," मालक म्हणाले.

"झाडूवाली आहे! माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय!"

"मध्ये खुर्चीचा हात आहे, साहेब."

"उठवलं का नाही तिला?"

"माझे डोळे घड्याळावर होते. कॅमेऱ्याची टोपी काढली की चार आकडे मोजायचे असतात. तुम्ही तर शेजारीच होतात."

"तुम्हीच ओरडलात ना, आता कोणी हलू नका म्हणून!"

झालं होतं ते असं. सगळे बसले, मालकांनी प्लेट चढवली आणि तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून हाक आली म्हणून मोठे डॉक्टर पाचव्या खुर्चीवरून उठून गेले. उजेड उतरत होता. अध्यक्षांना घाई होती. मालक म्हणाले, "असू दे, आता कोणी हलू नका," आणि घड्याळाकडे बघत टोपी काढायला हात घातला. त्याच क्षणी भिंतीशी उभी असलेली सफाईवाली मावशी चार पावलं चालून आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. कोणीच हललं नाही. हलायचं नव्हतं ना.

"दुसरी प्लेट काढलीत ती?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मालकांनी खाकरून दुसरा प्रिंट पुढे केला असावा, कारण काउंटरवर कागद सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्या प्लेटच्या वेळी व्यवस्थापक मान वळवून मावशीला "ऊठ!" म्हणत होते. त्यामुळे त्यांना दोन तोंडं आली होती, एक समोर आणि एक बाजूला. मावशी तिथेही बसलेलीच होती.

"ही फेकून द्या," व्यवस्थापक म्हणाले. "आणि पहिलीतून तिला काढा. खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल. शनिवारी बाराला येतो. रविवारी अध्यक्षांच्या हस्ते दिवाणखान्यात लावायचाय. आणि एक सांगून ठेवतो, गावातल्या दोन्ही शाळा आणि कॉलेज माझ्या ओळखीतले आहेत. ग्रुप काढणारे स्टुडिओ दुसरेही आहेत."

ते गेल्यावर मालक प्लेट घेऊन आत आले. कपाळावर घाम होता.

"होईल ना, बाई?"

"होईल," बाई सवयीने म्हणाल्या.

होण्यासारखं होतं. आधी पात्याने चेहरा खरवडून जागा कोरी करायची, मग पेन्सिलने मागच्या परिचारिकांचे झगे आणि खुर्चीची वेताची पाठ भरायची. दोन दिवसांचं काम. बाईंनी खालचा आरसा फिरवून खिडकीचा उजेड प्लेटमधून वर घेतला आणि भिंग लावलं.

पाचव्या खुर्चीतला चेहरा करंगळीच्या नखाएवढा होता. बाकी एकोणचाळीस चेहरे फोटोसाठी घातलेले होते. श्वास कोंडलेले, ओठ मिटलेले. हा एकच चेहरा नुसता होता. उलट्या प्लेटवरही बाईंना तो सुलटा दिसला, इतक्या वर्षांची सवय. दिवसभर उभं राहून माणूस टेकलं की दिसतं तसा.

बाईंनी प्लेट बाजूला ठेवली आणि एका शाळेची सातवी 'ब' घेतली. सदतीस मुलांची मुरमं काढून होईपर्यंत संध्याकाळ झाली.

गुरुवारी त्यांनी सगळ्या पेन्सिलींना टोकं केली. पात्याला धार लावली आणि ती बोटावर बघताना बोट कापून घेतलं. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. मालक तीनदा पडद्यातून डोकावले. "घेतलीत का इस्पितळाची?" "घेते." "घेतलीत?" "घेतेय." तिसऱ्यांदा ते नुसते उभे राहिले आणि निघून गेले. या माणसाने एकोणीस वर्षांत त्यांना एक कडू शब्द ऐकवला नव्हता. शाळा-कॉलेजांचे ग्रुप गेले तर स्टुडिओत राहणार काय? आणि स्टुडिओ नाही तर बाई कुठे जाणार? एखाद्या काउंटरवर? लोकांसमोर?

संध्याकाळी घरी वहिनीजवळ गाजरं साफ करायला बसल्या.

"वन्सं," वहिनी थोड्या वेळाने म्हणाली, "ते गाजर संपलं. आता तुम्ही बोट सोलताय."

बाईंनी हातातल्या तारेएवढ्या गाजराकडे बघितलं आणि मग सगळं सांगून टाकलं. भाऊ वर्तमानपत्रामागे होता. त्याने ते खाली केलं.

"ताई, ती झाडूवाली तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"मग? तिने डोकं फिरवून घेतलं, आता तू घेणार का? तुझं काम म्हणजे डाग काढणं. वर्षानुवर्षं काढतेस. हा एक आणखी."

"ती डाग नाही रे."

"तसं नव्हे गं. मी एवढंच म्हणतो, तुला दुसरीकडे कोण..." तो थांबला. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. वाक्याचा उरलेला भाग तिघांनाही कळला होता.

समोर भिंतीवर आईने लावलेला तो जुना फोटो होता. आईच्या मागे तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. बावीस वर्षांची साफ चेहऱ्याची मुलगी खोलीकडे बघत होती. बाईंच्या मनात आलं, या मुलीला कोणीच ओळखत नाही. मी तिच्या जागी आले तर तीच मला म्हणेल, फोटोतली बाई तुम्ही नाही.

पण सकाळपर्यंत भीतीने पुन्हा पकड घेतली. शुक्रवारी मालक कॅमेरा घेऊन एका शाळेत गेले आणि जाताना म्हणाले, "बाई, उद्या बारा." नुसतं तेवढंच. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. बाईंनी प्लेट उतरत्या टेबलावर ठेवली, भिंग लावलं, श्वास रोखला आणि पातं मावशीच्या गालावर टेकवलं. केसाएवढी हालचाल. पात्याच्या टोकाशी काळी भुकटी आली.

मागच्या दारावर थाप पडली. बाईंनी पातं असं मागे घेतलं, जणू चोरी करताना कोणी बघितलं.

"कोण?"

"इस्पितळातली मावशी. पुढून आले असते तर म्हणाले असते, मागून ये. म्हटलं, आधीच मागून जावं, पाय वाचतील."

बाईंनी दार उघडलं आणि सवयीने तोंड खिडकीकडे वळवलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आत आली, विचारल्याशिवाय स्टुलावर बसली आणि गुडघे चोळू लागली.

"तोंड काय फिरवतेस? एकतीस वर्षं इस्पितळ झाडलंय मी. कोड काय घेऊन बसलीस, मी माणसांची आतडी बघितलीयत. फोटो दाखव. व्यवस्थापक म्हणतो, तू फोटोत आलीच नाहीस. म्हटलं, असं कसं? बसले तर होते."

बाईंनी प्लेट दाखवली.

"अगं बाई! ही तर सगळी भुतं!" मावशी पुढे वाकली. "काळी तोंडं, पांढरे डोळे. यात मी कुठली?"

"ही."

"माझे केस काळे झालेत की! म्हातारपणी इथे येऊन तरुण झाले म्हणायची." ती खदखदून हसली. मग भिंगाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली.

"का बसलात, मावशी?" बाईंनी हळूच विचारलं.

"गुडघे दुखत होते."

"हं."

"सगळ्यांना तेच सांगितलंय. मेट्रननेही तेच लिहून घेतलं." मावशीने भिंग खाली ठेवलं. "पण खोटं कशाला बोलू. गुडघे रोज दुखतात. एकतीस वर्षं त्या सात खुर्च्या मी आणल्या, पुसल्या, मांडल्या, परत नेल्या. कुठली डुगडुगते, कुठलीचा वेत टोचतो, मला विचार. आणि बसले कधी नव्हते. डॉक्टर उठून गेले, तुझा मालक म्हणाला कोणी हलू नका. माझ्या मनात आलं, आत्ता बसले तर उठवणार कोण?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. दिसत नाही का फोटोत?"

बाईंनी भिंग पुन्हा खाली नेलं. चेहऱ्यापलीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. मावशीचे हात मांडीवर उताणे पडले होते, पण दोन्ही पायांच्या टाचा जमिनीपासून उचललेल्या होत्या. कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला उठता यावं म्हणून.

"नोकरी?" बाईंनी विचारलं.

"नोकरीचा शेवटचाच आठवडा होता. चार दिवस आधी घरी बसवलं. निरोपाचं बोलणार होत्या मेट्रनबाई, तेही राहिलं." मावशी उठली. दारापाशी जाऊन वळली. "मला काढायला सांगितलंय ना तुला?"

बाई टेबलावरचं पातं पेन्सिलींखाली सरकवू लागल्या.

"असू दे. तुझंही पोट आहे. पण काढलंस तर खुर्चीही काढ. रिकामी खुर्ची ठेवू नकोस. ती मी पुष्कळ बघितलीय."

ती गेल्यावर बाईंनी प्लेटकडे बघितलं. गालावर खसखशीच्या दाण्याएवढी जागा पारदर्शक झाली होती. ती आता तशीच राहणार होती.

शनिवारी सकाळी साडेआठपासून बाई पात्याला हात न लावता बसून होत्या. नऊ. दहा. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकत होता. साडेदहाला मालक म्हणाले, "झाली ना?" बाईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, त्यांनाही सांगता आलं नसतं. मालकांनी होकाराची समजून घेतली. अजून वेळ आहे, त्या स्वतःला सांगत होत्या, चेहरा तरी खरवडून होईल. अकरा. आता चेहराही होणार नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की वेळ संपण्याची वाट त्या स्वतःच बघतायत, पातं न उचलण्याचं निमित्त म्हणून. ते त्यांना आवडलं नाही. कारण विचारलं तर त्याही म्हणतील, गुडघे दुखत होते.

बाराला दहा कमी असताना पुढच्या दाराची घंटा वाजली.

"आणा, बाई," मालकांनी पडद्यातून हात आत केला.

बाईंनी प्लेट हातात दिली नाही. ती छातीशी धरून त्या पडद्याबाहेर आल्या.

दुकान त्यांच्या आठवणीपेक्षा लहान होतं. काउंटरपाशी व्यवस्थापक होते, बाकावर एक बाई आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी. चौघेही बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागले. बाईंनी तोंड वळवलं नाही.

"मी यातून कोणाला काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चिरका आला. "आणि काढणार नाही."

व्यवस्थापकांनी मालकांकडे बघितलं. "या आतल्या बाई?"

मालकांनी पावतीपुस्तक सरळ केलं.

"अशी माणसं ठेवता तुम्ही? आणि फोटोंना हात लावायला देता?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या नाकावरचा चामखीळ नऊ वर्षं मी याच हातांनी काढतेय. दर ग्रुपमध्ये. यंदा तोही ठेवू का?"

बाकावरच्या बाईला अचानक खोकला आला. तिने पदराने तोंड झाकलं. व्यवस्थापकांचा हात नाकाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"ती प्लेट इकडे द्या," ते म्हणाले. "दुसरीकडून करून घेतो."

"प्लेट स्टुडिओची असते, साहेब," मालक म्हणाले. "प्रिंट नेता येईल."

हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. थोरल्या मालकांच्या वेळेपासून पावतीच्या मागे छापलेलं वाक्य होतं. दिवसातून चारदा म्हणायची सवय, तसं तोंडातून गेलं. गेल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. पण मागे घेणार कसं? व्यवस्थापक काचेचं दार आपटून निघून गेले. मुलीची आई पुटपुटली, "आम्ही सोमवारी येतो," आणि तीही मुलीला ओढत गेली. मुलगी मान वळवून बाईंकडे बघत होती.

मालक बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका, बाई."

बाई आत गेल्या. अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी त्या प्लेटचा एक प्रिंट काढला, धुतला, वाळवला, पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला आणि मागच्या दाराने निघाल्या.

रविवारी सकाळी दहाला त्या मावशीच्या खोलीवर गेल्या, भर रस्त्याने. वाटेत किती जणांनी बघितलं ते त्यांनी मोजायला घेतलं आणि सतरानंतर सोडून दिलं. त्याच दिवशी इस्पितळात अध्यक्ष आले, भाषण झालं, चहा झाला, आणि दिवाणखान्यात त्या वर्षासाठी ठोकलेला खिळा तसाच राहिला. पुढच्या वर्षीचा ग्रुप दुसऱ्या स्टुडिओने काढला.

मावशीने फोटो खिडकीशी नेला. "आता कशी माणसं दिसतायत." तिने एकेकाला नावं ठेवली, मग स्वतःवर आली. "हे काय गालावर? मला तीळ कधी आला?"

"तो मी दिला," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी, तुम्ही दार वाजवलंत त्याच्या आधी. पातं लावलं होतं मी. प्लेटवरचं आता भरून येणार नाही. पण या कागदावर काढून देता येईल."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं, मग फोटोकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "बरा दिसतोय. बस ना, उभी का?"

खोलीत एकच खुर्ची होती. बाई तिच्यावर बसल्या. मावशी खाटेवर.

त्या रात्री बाईंना झोप नव्हती, हे वेगळं सांगायला नको. सोमवारी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला तयार झाल्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, येऊ नका म्हणालेत ना?" "हो," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. शाळेच्या चौदा प्लेटा टेबलावर पडून होत्या, एवढंच त्यांना सुचत होतं. मागच्या गल्लीत आल्या. दाराला आतून कडी होती. थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतला. थाप मारली आणि मालकांनी नाही म्हटलं, तर पुढे काही उरत नव्हतं. गल्लीत किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या वळल्या आणि एकशे चाळीस पावलं चालून पुढच्या रस्त्यावर आल्या.

काचेतून त्यांना दिसलं. शनिवारची ती मुलगी रंगवलेल्या पडद्यापुढे स्टुलावर बसली होती, आई तिच्या खांद्यावर हात ठेवून. मालक कॅमेऱ्याशी होते, एका हातात घड्याळ आणि दुसरा हात टोपीवर.

"आता कोणी हलू नका," मालक म्हणाले.

बाईंनी दार ढकललं. घंटा वाजली. मालकांची मान वळायला निघाली, पण टोपी निघाली होती आणि डोळे घड्याळावरून काढता येत नव्हते. "एक," ते म्हणाले. आई दगडासारखी बसलेली. बाई काउंटरच्या कडेने निघाल्या. "दोन." जमिनीवरची फरशी पायाखाली वाजली. "तीन." पडदा हाताला लागला. "चार."

आत जाऊन त्या खुर्चीत बसल्या आणि ऐकत राहिल्या. पुढे मालक मुलीच्या आईशी बोलत होते, पावती फाटली, घंटा वाजली, गिऱ्हाईक गेलं. आता ते येतील. पावलं पडद्यापर्यंत आली. थांबली. मागे गेली. अंधाऱ्या खोलीचं दार लागलं.

बाईंनी सातवी 'क'ची प्लेट पुढे ओढली, पण पेन्सिल टेकवता येईना. त्यांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या.

तासाभराने पडदा हलला. मालक आत आले, एक वाळलेली प्लेट टेबलाच्या कडेला ठेवली आणि गेले. जाताना मागच्या दाराकडे त्यांनी बघितलंही नाही.

बाईंनी आरसा फिरवला आणि भिंग लावलं. आई सुरेख आली होती, अगदी स्थिर. मुलगीही हलली नव्हती. फक्त तिचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. ते एका बाजूला, काउंटरच्या कडेकडे गेले होते आणि तिथे चाललेल्या कोणाकडे तरी मोठे होऊन बघत होते.

ते पेन्सिलने सुधारण्यासारखं नव्हतं. बाईंनी मुलीच्या हनुवटीवरचा एक ओरखडा भरला, प्लेट पुसली आणि तयार झालेल्यांत ठेवून दिली.